कोरड्या डबक्यातील बियाणे

(मेहकर येथील प्राथमिक शिक्षकांसाठी परिसर अभ्यास या विषयावरील भाषण)



मेहकरच्या शिवारात उन्हाळ्याच्या अखेरीस हिंडणाऱ्या माणसास बरडावरील एखादे कोरडे डबके सहज दिसते. तळाची माती तडकलेली असते, तिच्यावर गुरांच्या खुरांचे ठसे वाळून दगडासारखे घट्ट झालेले असतात, आणि पाण्याचा मागमूसही नसतो. चैत्र-वैशाखाचे ऊन त्या मातीस दोन-तीन महिने भाजून काढते. तेथे काही जिवंत असेल अशी शंकाही कोणास येत नाही. पुढे मृगाचा किंवा आर्द्राचा पाऊस पडतो, डबके भरते, आणि आठ-पंधरा दिवसांनी इयत्ता चौथीतील एखादा विद्यार्थी काचेच्या बाटलीत गढूळ पाणी घेऊन वर्गात येतो. त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढे, जवळजवळ पारदर्शक, पाठीवर उलटे पोहणारे प्राणी असतात. त्यांच्या पायांची दुहेरी रांग लाटेप्रमाणे एकसारखी हलत असते. विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, तिथं तर पाणीच नव्हतं. मग हे आले कुठून?”

या प्रश्नास बहुधा तीन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, ते पावसाबरोबर आभाळातून पडले. दुसरे असे की, चिखल कुजला म्हणजे असले किडे त्यातून आपोआप होतात. तिसरे उत्तर असे की, हे पुस्तकात नाही, बाटली बाहेर ठेव. पहिली दोन उत्तरे चुकीची आहेत. तिसरे खरे असले तरी तिन्हींत अधिक हानिकारक तेच होय. कारण चुकीचे उत्तर पुढे केव्हातरी दुरुस्त होऊ शकते, परंतु बाहेर ठेवलेली बाटली पुन्हा वर्गात येत नाही. म्हणून या एका प्रश्नाचे उत्तर आज क्रमाने पाहावयाचे आहे.

हे प्राणी कवचधारी वर्गातील आहेत. खेकडा आणि झिंगा हे याच वर्गातील मुलांच्या ओळखीचे प्राणी. पावसाळी डबक्यांत या वर्गाचे मुख्यतः चार प्रकारचे लहान प्रतिनिधी आढळतात. उलटे पोहणारा, अंगावर कवच नसलेला आणि देठावर डोळे असलेला तो स्ट्रेप्टोसेफॅलस व त्याचे भाईबंद. इंग्रजीत यांना ‘परीझिंगा’ अशा अर्थाचे नाव आहे. दुसरा प्रकार दोन झडपांच्या चिमुकल्या शिंपलीत राहणाऱ्यांचा. ही शिंपली उघडून पाहिली तर आत कालवासारखा मऊ गोळा नसून पायांच्या अनेक जोड्या असलेला प्राणी असतो. तिसरा ट्रायॉप्स. याच्या पाठीवर ढालीसारखे कवच असते, दोन मोठे डोळे व एक लहान असे तीन डोळे असतात, आणि मागे लांब शेपट्या असतात. चौथा प्रकार पाणपिसूंचा, म्हणजे डॅफ्निया व तिच्या जातीच्या प्राण्यांचा. या टाचणीच्या टोकाएवढ्या असून पाण्यात उड्या मारल्यासारख्या चालतात. डासांच्या अळ्या आणि बेडकाची पिल्ले यांहून हे सर्व वेगळे. अळ्यांचे पुढे डास होतात, बेडूकपिल्लांचे बेडूक होतात व ती पाणी सोडून जातात; हे प्राणी मात्र पाणी सोडून जाऊ शकत नाहीत. डबके आटले की त्यांचा अंत ठरलेला. हीच गोष्ट त्यांच्या सर्व जीवनक्रमाचे मूळ आहे.

या प्राण्यांच्या अभ्यासाच्या इतिहासात विदर्भाचे नाव आरंभापासून आहे, ही गोष्ट आपल्या भागातील शिक्षकांस ठाऊक असावी. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी १८४६ साली तेथे शाळा काढली, आणि शाळेचे काम संभाळून नागपूर प्रांतातील खडक, जीवाश्म व प्राणी यांचा संग्रह केला. त्यांनी नागपूरहून पाठविलेल्या सूक्ष्म कवचधारींचे वर्णन विल्यम बेअर्ड यांनी १८५९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात छापले. त्यातील एका शिंपलीधारी प्राण्यास त्यांनी हिस्लॉप यांचे नाव दिले. आज तो सायक्लेस्थेरिया हिस्लोपी या नावाने जगभर ओळखला जातो. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६० साली, बेअर्ड यांनी भारतातील उलटपोह्या प्राण्याचे स्ट्रेप्टोसेफॅलस डायकोटोमस असे नामकरण केले. वर्धा नदीच्या खोऱ्यातील मांगली येथील प्राचीन खडकांत अशाच शिंपलीधारींचे ठसे सापडले, व रूपर्ट जोन्स यांनी १८६२ साली त्यांची नोंद केली. ते खडक सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. या घडणीचे प्राणी इतक्या दीर्घ काळापासून पृथ्वीवर टिकून आहेत असा त्याचा अर्थ होय. हा अभ्यास संपलेला नाही. सह्याद्रीच्या परिसरातील स्ट्रेप्टोसेफॅलसची एक जात शास्त्रास अगदी अलीकडे, २०१४ साली, प्रथमच ज्ञात झाली. क्रिस्टोफर रॉजर्स व समीर पाध्ये यांनी तिचे वर्णन केले आणि तिला सह्याद्रीचेच नाव दिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नदी, मोठा तलाव किंवा धरण यांत पाणी बारमाही असते, आणि जेथे बारमाही पाणी असते तेथे मासे असतात. हे प्राणी मऊ अंगाचे, संथ व उघड्यावर वावरणारे असल्यामुळे माशांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. पावसाळी डबक्यात मासे राहू शकत नाहीत, कारण ते डबके दरवर्षी कोरडे पडते. म्हणजे जो कोरडेपणा या प्राण्यांचा जीव घेतो, तोच त्यांच्या वंशाचे रक्षणही करतो. शत्रू जेथे टिकत नाही अशा जागी राहावयाचे असेल तर तेथील संकट सोसण्याची विद्या आपणापाशी असली पाहिजे. ही विद्या या प्राण्यांनी आपल्या अंड्यांत साठविलेली आहे.

कोंबडीचे अंडे उबू लागले की पिल्लाची वाढ अखंड चालावी लागते; ती मध्येच फार काळ थांबली तर पिल्लू मरते. या प्राण्यांच्या अंड्यात निराळी व्यवस्था आढळते. मादीच्या पोटाजवळील पिशवीत असतानाच अंड्यातील गर्भाची वाढ काही मर्यादेपर्यंत होते. पेशींचा एक लहानसा पुंज तयार होतो आणि मग वाढ थांबते. गर्भाभोवती जाड, चिवट कवच तयार होते. अशी अंडी तळाच्या चिखलात पडतात. चिखल वाळला म्हणजे अंड्यांतील पाणीही जवळजवळ सर्व निघून जाते. सामान्यतः पेशीतील पाणी गेले की तिची पटले फाटतात आणि तिच्यातील प्रथिने बिघडतात. या गर्भांत मात्र ट्रेहॅलोज नावाची एक शर्करा मोठ्या प्रमाणात असते. पाणी निघून जात असता ही शर्करा पाण्याची जागा घेते, आणि काचेसारखी गोठून पेशीतील नाजूक भागांस जागच्या जागी धरून ठेवते. साखरेचा पाक आटून गोळीत जसा घट्ट होतो, तसेच काहीसे हे आहे. त्या स्थितीत गर्भाचा श्वास, पोषण, वाढ हे सर्व व्यवहार मोजता येऊ नयेत इतके मंदावतात. तो मेलेला नसतो, आणि ज्यास आपण एरवी जगणे म्हणतो तसा जगतही नसतो. डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञांनी १९५९ साली या अवस्थेस ‘क्रिप्टोबायोसिस’ असे नाव दिले. मराठीत तिला ‘गुप्तजीवन’ म्हणावयास हरकत नाही.

ही अंडी किती सोसतात याची काही उदाहरणे मुलांना सांगण्यासारखी आहेत. खाऱ्या पाण्यातील आर्टेमिया हा आपल्या उलटपोह्यांचा सख्खा भाऊच. त्याची वाळलेली अंडी १९७२ साली अपोलो १६ व अपोलो १७ या चांद्रयानांतून अंतराळातील किरणांच्या परीक्षेसाठी नेण्यात आली होती. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका सरोवराच्या तळाच्या गाळातून काढलेली पाणपिसूची अंडी सुमारे सातशे वर्षांनंतर उबवता आली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. यादवांचे राज्य लयास गेले त्या सुमारास ती अंडी गाळात पडली असावीत. मेहकरच्या डबक्यातील अंड्यांस मात्र इतकी मोठी परीक्षा द्यावी लागत नाही. त्यांना एक उन्हाळा, आणि अवर्षण पडलेच तर दोन-तीन उन्हाळे काढावयाचे असतात.

पाऊस पडून डबके भरले की या अंड्यांस जाग येते. परंतु ती केवळ ओल लागल्याने येत नाही. नुकत्याच भरलेल्या डबक्याचे पाणी पावसाचे असल्यामुळे त्यात क्षार अत्यंत कमी असतात, प्राणवायू विपुल असतो, आणि तळापर्यंत उजेड पोचतो. अनेक जातींची अंडी या तिन्ही खुणा व पाण्याचे तापमान अनुकूल असेल तरच फुटतात. पुढे डबके आटू लागते तसतसे उरलेल्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात टाकलेली नवी अंडी सहसा त्याच हंगामात फुटत नाहीत. कित्येक जातींत तर अंडे एकदा पूर्ण वाळल्याखेरीज ते उबतच नाही. आटत चाललेल्या पाण्यात जन्म घेणे म्हणजे मरणाच्या दारात जन्म घेणे होय. तो धोका या व्यवस्थेने टळतो.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाजवळ वेळ थोडा असतो. डबके पंधरा दिवस टिकेल की दोन महिने, हे त्यास ठाऊक नसते. म्हणून या प्राण्यांची वाढ विलक्षण वेगाने होते. युलिम्नाडिया नावाचा शिंपलीधारी प्राणी उष्ण पाण्यात जन्मापासून आठवड्याच्या आत अंडी घालू लागतो. उलटपोहे साधारणतः दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वाढतात. मादी एकदाच अंडी घालून थांबत नाही. ती वयात आल्यापासून मरेपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी अंडी घालीत राहते. पाणी लवकर आटले तरी पहिला घाणा चिखलात जमा झालेला असतो, आणि पाणी टिकले तर आणखी भर पडते.

तथापि या सर्वांहून अधिक विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. पहिल्या पावसात डबके भरले म्हणजे तळातील सर्व अंडी फुटतात काय? फुटत नाहीत. काही फुटतात आणि पुष्कळशी तशीच राहतात. एकाच मादीची, एकाच दिवशी घातलेली, एकाच जागी पडलेली अंडीदेखील सर्व एकदम फुटत नाहीत. सिमोव्हिच व हॅथवे या दोघींनी कॅलिफोर्नियातील पावसाळी डबक्यांच्या उलटपोह्यांची अंडी वारंवार भिजवून व वाळवून पाहिली. पहिल्या भिजवणीत त्यांतील अगदी थोडी फुटली, आणि उरलेल्यांतून काही पुढच्या खेपांना फुटत राहिली. हे निष्कर्ष त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले.

याचे कारण मेहकर तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याच्या घरच्या मुलास समजेल. मृगात एक पाऊस बरा पडतो, शेतकरी सोयाबीन पेरतो, आणि नंतर पंधरा-वीस दिवस पावसाचा पत्ता नसतो. उगवलेले पीक करपून जाते व दुबार पेरणीची पाळी येते. ज्याने घरातील सर्व बियाणे पहिल्याच पावसावर मातीत घातले असेल त्यास कर्ज काढावे लागते; ज्याने काही राखून ठेवले असेल तो पुन्हा उभा राहतो. डबक्यातील प्राण्यास कर्ज देणारा कोणी नाही. म्हणून ज्या वंशाने सर्व अंडी पहिल्या पावसावर उधळली तो वंश एखाद्या फसव्या पावसात नाहीसा झाला, आणि ज्याने राखीव ठेवली तो आजवर टिकला. हेच गणित वाळवंटी वनस्पतींच्या बियांस लावून डॅन कोहेन या शास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडले. पाऊस जितका बेभरवशाचा, तितका राखीव बियाण्याचा वाटा मोठा असला पाहिजे, असा त्याचा इत्यर्थ होय.

हे गणित वर्गात फळ्यावरही करता येईल. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. डबक्यात १०० अंडी आहेत व प्रत्येक पावसास त्यांतील दहावा हिस्सा फुटतो असे मानू. पहिला पाऊस फसवा निघाला. १० पिल्ले मेली आणि ९० अंडी उरली. दुसराही फसवा निघाला. ९ मेली, ८१ उरली. तिसराही तसाच गेला. ८ मेली, ७३ उरली. तीन वेळा दगा होऊनही वंशाचे जवळजवळ तीन-चतुर्थांश भांडवल शाबूत आहे. चौथ्या खेपेस पाणी टिकले, सातच पिल्ले वाढली, परंतु त्यांतील तीन-चार माद्यांनी प्रत्येकी शंभर अंडी घातली, तर भांडवल मूळच्या कितीतरी पट होते. उलट ज्या वंशाची १०० अंडी पहिल्याच पावसात फुटली, त्याच्यापाशी दुसऱ्या पावसास शून्य उरते. मुलांनी हे स्वतः करून पाहिले म्हणजे शेकडेवारीचा धडा आणि निसर्गाचा धडा एकदमच होतो.

येथे एका गैरसमजापासून जपले पाहिजे. हे प्राणी विचार करून अंडी राखून ठेवतात असे मुलांस सांगू नये. प्राण्यास भविष्य कळत नाही. अंड्यांमध्ये मुळातच फरक असतो. काही लवकर जागतात, काही उशिरा. काही अंडी चिखलात खोल गाडली गेल्याने त्यांना उजेड मिळत नाही, आणि गुरांच्या खुरांनी माती खालवर झाली म्हणजे त्यांची पाळी येते. असा फरक असलेले वंश टिकत गेले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

नर-मादीच्या बाबतीतही या प्राण्यांत एकच रीत नाही. स्ट्रेप्टोसेफॅलसमध्ये नर व मादी वेगळे असतात. नराच्या डोक्यावर मादीस धरण्यासाठी वाकडे, फाटे फुटलेले अवयव असतात, व मादीच्या पायांमागे अंड्यांची पिशवी लोंबत असते. बाटलीत पाहून मुले हा भेद सहज ओळखतात. युलिम्नाडियात शुद्ध मादी बहुधा नसतेच. काही नर असतात आणि बाकीचे सर्व उभयलिंगी असतात. उभयलिंगी प्राणी एकटा असला तरी स्वतःची अंडी स्वतःच फळवू शकतो. नव्या डबक्यात वाऱ्याबरोबर एकच अंडे येऊन पडले तरी तेथे वसाहत होऊ शकते, हा त्यातील लाभ होय. पाणपिसूची रीत आणखी निराळी आहे. अन्न भरपूर असते तोवर पाणपिशीची मादी नराशिवायच माद्यांना जन्म देत राहते, आणि तिची संख्या झपाट्याने वाढते. दाटी झाली, अन्न कमी पडू लागले, दिवसमान बदलले, म्हणजे नर जन्मतात. मग नर-मादीच्या संयोगाने जी अंडी होतात ती काळसर, खोगिराच्या आकाराच्या पेटीत बंद होतात. अशा एका पेटीत बहुधा दोन अंडी असतात. सुकाळात संख्या वाढवावयाची आणि दुष्काळाची चाहूल लागली की टिकाऊ बियाणे तयार करावयाचे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. हिस्लॉप यांचा सायक्लेस्थेरिया तर पिल्लांना काही दिवस आपल्या शिंपलीतच संभाळतो. त्याची पिल्ले बाहेर पडतात ती आईबापांच्याच आकाराची, लहान प्रत अशी.

एका डबक्यातील अंडी दुसऱ्या डबक्यात कशी जातात? वाळलेल्या मातीच्या धुळीबरोबर वाऱ्याने; बगळे, टिटव्या इत्यादि पक्ष्यांच्या पायांस लागलेल्या चिखलाने; म्हशींच्या अंगावरील लेपाने; आणि गाडीच्या चाकांनीही. अंडी इतकी लहान व टिकाऊ असतात की, ती समुद्रही ओलांडू शकतात. नॉर्वेतील गेऑर्ग ओसियन सार्स या प्राध्यापकांनी ऑस्ट्रेलियातून वाळलेला चिखल मागविला, तो आपल्या घरच्या काचपात्रात भिजत घातला, आणि त्यातून निघालेले प्राणी वाढवून त्यांची चित्रे काढली. १८८७ साली त्यांनी ज्या प्राण्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले तो आपल्या नागपूरचाच सायक्लेस्थेरिया हिस्लोपी होता. एकाने नागपूरच्या पाण्यात तो पाहिला, आणि दुसऱ्याने बर्फाच्या देशात मूठभर कोरड्या मातीतून तो उगवून दाखविला.

सार्स यांचा हा प्रयोग कोणत्याही द्विशिक्षकी शाळेत, काहीही खर्च न करता, करता येतो. तो पुढीलप्रमाणे करावा.

विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि तोवर अनेक डबकी भरलेली असतात. म्हणून सुटी लागण्यापूर्वीच कोरड्या डबक्याच्या सर्वांत खोलगट भागातील वरची बोटभर माती दोन-तीन ओंजळी आणावी. ती कागदाच्या पिशवीत सावलीत ठेवावी आणि पिशवीवर जागा व तारीख लिहावी. शाळा उघडल्यावर तीन पसरट भांडी घ्यावीत. पहिल्यात ही माती व चार बोटे पाणी. दुसऱ्यात तव्यावर चांगली भाजून थंड केलेली तीच माती व तेवढेच पाणी. तिसऱ्यात नुसते पाणी घालावे. पाणी पावसाचे असावे. नळाचे असल्यास औषधाचा वास जाण्यासाठी दोन दिवस उघडे ठेवून मग घ्यावे. तिन्ही भांड्यांवर पातळ स्वच्छ फडके बांधावे आणि ती उजेडात, परंतु कडक उन्हापासून दूर ठेवावीत. फडक्याने दोन गोष्टी साधतात. डास अंडी घालू शकत नाहीत. आणि “वरून पडले असतील” या शंकेस जागा राहत नाही. १६६८ साली इटलीतील फ्रान्चेस्को रेदी यांनी मांसाच्या भांड्यावर कापड बांधून, अळ्या मांसातून आपोआप होत नसून माशांच्या अंड्यांतून होतात, हे दाखविले. ही तीच युक्ती होय.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पहिल्या भांड्यात, भिंगातून पाहिल्यास, झटके देत चालणारे पांढुरके ठिपके दिसण्याचा संभव आहे. मुलांनी रोज एका ठराविक वेळी पाहून वहीत नोंद करावी: तारीख, पाण्याची खोली, काय दिसले, किती मोठे, किती संख्या, आणि चित्र. तीन आठवड्यांनी पाणी आटू द्यावे, माती पूर्ण वाळवावी, महिनाभर ठेवावी, आणि पुन्हा भिजवावी. दुसऱ्या खेपेस पुन्हा पिल्ले निघाली तर ती नव्या अंड्यांतील असतील किंवा राखीव अंड्यांतील असतील. हा भेद कसा ओळखावा, असा प्रश्न मुलांसमोर ठेवावा. मूळ कोरड्या मातीचा अर्धा भाग वेगळा ठेवून, तिच्यातील पिल्ले मोठी होण्यापूर्वीच तिला वाळवावे, असा उपाय एखादे हुशार मूल आपण होऊन सुचवील. पिल्लांनी अंडी घातलेलीच नसताना दुसऱ्या भिजवणीत पुन्हा पिल्ले निघाली, तर ती राखीव बियाण्याचीच म्हणावी लागतील.

एखाद्या शाळेच्या भांड्यात काहीच निघणार नाही. तेव्हा शिक्षकांनी दुसरीकडचे प्राणी आणून भांड्यात सोडू नयेत. “या मातीत काही निघाले नाही” हीदेखील खरी नोंद आहे. दुसऱ्या डबक्याची माती आणून पुन्हा पाहावे. मुलांस दिसलेले तेवढेच लिहिण्याची सवय लागली, तर प्रयोग फसला तरी शिक्षण फसले नाही.

एका बाबतीत मात्र कडक शिस्त पाळली पाहिजे. माती कोरड्या डबक्यातूनच आणावी आणि ती शिक्षकांच्या देखत आणावी. भरलेल्या डबक्यावर मुलांस एकटे पाठवू नये. घोट्याहून खोल पाण्यात उतरू देऊ नये. सोडून दिलेल्या खदानी आणि प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी यांच्याजवळ तर वर्ग नेऊच नये. त्यांच्या निसरड्या काठावरून पाय घसरल्यास मोठ्या माणसासही वर येणे कठीण जाते. ज्या हिस्लॉप यांच्या नावाने हा प्राणी ओळखला जातो, त्यांचाच मृत्यू १८६३ साली नागपूरच्या दक्षिणेस बोरी-टाकळघाट भागात, पावसाळ्यात भरलेला ओढा ओलांडताना बुडून झाला. पाण्याचा अभ्यास करणाऱ्याने पाण्याचा मान राखला पाहिजे.

शेवटी, ही सर्व माहिती केवळ एका प्रयोगापुरती नाही. गावाजवळचे पावसाळी डबके ही कोणाच्याही हिशेबात नसलेली जागा आहे. ते बुजवून रस्ता रुंद करता येतो, त्यात कचरा टाकता येतो, किंवा ते खोल खणून त्यात बारमाही पाणी साठविता येते. यांतील पुष्कळ कामे गावाच्या गरजेची असतात, आणि गरजेच्या कामास शाळेने विरोध करावा असे नाही. घरांजवळ साचलेले पाणी वाहते केलेच पाहिजे. हिवतापास आळा घालण्यासाठी विहिरी, टाकी व कायम पाण्याचे साठे यांत गप्पी मासे सोडणे हेही योग्यच आहे. परंतु वस्तीपासून दूर, बरडावरील हंगामी डबक्यात मासे सोडण्याचे किंवा ते भरून टाकण्याचे कारण बहुधा नसते. एक डबके बुजविले तर त्या वर्षीचे प्राणी तेवढे जातात, असे वाटते. पण जाते ते तळातील अनेक वर्षांचे राखीव बियाणे. ते मातीखाली गाडले गेले की कितीही पाऊस पडला तरी परत येत नाही. ही गोष्ट गावाच्या कारभाऱ्यांस कोणी सांगावी? ज्या मुलाने ती भांड्यात डोळ्यांनी पाहिली आहे, तेच मूल ती उद्या घरी सांगेल, आणि पुढे मोठे झाल्यावर ग्रामसभेत सांगेल.

बाटली घेऊन आलेल्या मुलास मिळावयाचे उत्तर आता देता येते. ते असे: “हे प्राणी आभाळातून आले नाहीत. चिखलातून आपोआपही झाले नाहीत. गेल्या पावसाळ्यात, किंवा त्याच्याही आधी, यांच्या आयांनी अंडी घातली. ती उन्हाळाभर तुझ्या पायाखालच्या मातीत होती. तू त्यांच्यावरून चालत गेलास. त्यांतली काही आता जागी झाली आहेत, आणि काही अजून तिथेच आहेत, पुढच्या पावसासाठी. हे खरे की खोटे, ते आपण पाहू. उद्या त्या जागेची माती आणू.”

एवढे उत्तर देण्यास शिक्षकाला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही, वरिष्ठांची मंजुरी लागत नाही. एक भांडे, एक फडके, मूठभर माती, आणि “पाहू” असे म्हणण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. येत्या सत्रात तालुक्यातील प्रत्येक शाळेने हा प्रयोग एकदा करावा, आणि मुलांच्या नोंदवह्या केंद्रसंमेलनात एकमेकांस दाखवाव्यात, अशी अपेक्षा आहे.